परक्याच्या दराने

वायर ओढून बघायच्या सवयीपायी जयमालाचं काळेवाडीत हसं व्हायचं. मिक्सर घ्यायला दुकानात गेली तरी आधी त्याची वायर बोटाला गुंडाळायची आणि एक हिसका द्यायची. दुकानदार म्हणायचा, "मावशी, तुटली तर भरून द्यावी लागेल." ही म्हणायची, "तुटली तर तू मला भरून दे. शॉक मला बसणार होता."

हा हिसका चाकणचा. चाकणच्या अलीकडे एका कारखान्यात गाड्यांच्या आत बसणाऱ्या वायरींचे जुडगे बांधायचं काम तिनं बावीस वर्षं केलं. लाकडी फळीवर आखलेल्या वाटेनं वायरी अंथरायच्या, प्रत्येक टोकाला पितळी टोपी दाबून बसवायची आणि बसली की ओढून बघायची. निघाली तर टोपलीत, राहिली तर पुढं. त्या बावीस वर्षांत सुपरवायझर बदलले, कंत्राटदार बदलले, फाटकावरचं कंपनीचं नावसुद्धा एकदा बदललं. जयमाला मात्र कंत्राटी म्हणून लागली आणि कंत्राटी म्हणूनच यंदा मार्चअखेर घरी आली. निरोपाला एक स्टीलचा डबा मिळाला. त्याचं झाकण नीट बसत नव्हतं, ते तिनं तिथल्या तिथं सांगितलंही.

तिचा नवरा भिमाजी पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये होता. रणजीत नववीत असताना तो गेला. अर्धा गुंठा जागा आणि खालच्या दोन खोल्या त्याच्या हयातीतल्या. वरची लांब खोली जयमालानं स्वतःच्या फंडातून बांधली. घर तिच्या नावावर, मीटर तिच्या नावावर. रणजीतला शिकवलं, त्याला मालवाहतुकीच्या एका ऑफिसात नोकरी लागली, लग्न झालं, आणि तो बायकोला घेऊन पिंपळे सौदागरला हप्त्याच्या फ्लॅटमध्ये गेला. यात रडण्यासारखं काही नव्हतं आणि ती रडलीही नाही. रविवारी मुलगा यायचा, कधी सून पूनमही यायची, भाकरी-पिठलं खाऊन जायची.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांत वायरी भरलेल्या बाईच्या घरात मात्र एकच बोर्ड होता. त्यात तीन तोंडांचा प्लग, त्यावर फ्रिज, टीव्ही आणि पाणी खेचायची मोटर. मिक्सर लावायचा तर टीव्ही काढायचा. वरच्या खोलीत एक दिवा आणि एक पंखा, बस्स. बांधकामात पैसे संपले होते, आणि पुढं राहूनच गेलं.

आता तिला वरच्या खोलीत काम सुरू करायचं होतं. मोटरवाल्या चार शिलाई मशिनी, कारखान्यांना लागणारे कापडी हातमोजे आणि एप्रन. भोसरीच्या एका स्टोअरवाल्यानं जूनपासून माल घेतो म्हणून सांगितलं होतं. चारातली एक मशीन तिची स्वतःची, दुसरी शालनबाईची. शालनबाई फळीवर तिच्या शेजारी पंधरा वर्षं उभी राहिलेली, आणि तिच्याच बरोबर मार्चअखेर घरी बसणारी. तिनं माळ्यावरची मशीन उतरवून तेलपाणीसुद्धा करून ठेवलं होतं. बाकीच्या दोन मशिनी घेऊन येणाऱ्या दोघी वाट बघत होत्या. या वयात पुन्हा कुणाच्या फाटकावर हजेरी लावायची नाही, एवढंच जयमालाला हवं होतं. त्यासाठी आधी वर वीज खेळवायला हवी होती.

वायरमन शोधायची गरज नव्हती. ज्योतीराम होता.

ज्योतीराम तिच्याच गावचा, भूमकडचा. नात्यातला नव्हे, पण वस्तीवरचा. एकोणिसाव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन पुण्याला आला तो सरळ हिच्या दारात. दोन वर्षं इथंच राहिला, इथंच जेवला. वायरिंगचं काम शिकला, परवाना काढला, रहाटणीत दुकान टाकलं. लग्नात त्याच्यामागं करवली म्हणून जयमालाच उभी राहिली. तिला सख्खा भाऊ नव्हता; भाऊबीजेला ती ज्योतीरामला ओवाळायची. एकाही दिवाळीला तो चुकला नाही.

नोकरीचा शेवटचा महिना अजून चालू होता. बोलावल्या दिवशी तो आला, वर जाऊन भिंतींवर बोटं आपटून आला, आणि खाली ओट्याजवळ मांडी घालून बसला.

"किती घेणार ते आधी बोल," जयमाला म्हणाली.

"अक्का, तुझ्याकडनं काय घ्यायचं? जेवू घाल."

"जेवू घालीनच. दर सांग. फुकटच्या कामाला कुणी जोड दाबून बसवत न्हाई, मला माहीत हाय."

"बाहेर एका पॉइंटला चारशे मजुरी घेतो, भिंतीत झिरी मारून, वायर ओढून, बोर्ड बसवून. माल तुमचा." तो हसला. "तुला अडीचशे. बहिणीचा दर."

"आणि इस्त्रीच्या पॉइंटला? जड इस्त्री घ्यायचीय. त्याला मोठा सॉकेट लागतो, जाड वायर लागते."

"त्याला बाहेर आठशे. तुला पाचशे. झालं समाधान?"

"झालं," ती म्हणाली आणि त्याला दुसरी भाकरी वाढली. पाच पॉइंट: चार मशिनींचे, एक इस्त्रीचा. हिशेब तिच्या डोक्यात बसला. वायर, बोर्ड, पाइप, मेन स्विच असा माल तिनं पिंपरी कॅम्पातून स्वतः आणला. त्यासाठी भिशीचा नंबर लावून घेतला. दुकानात तीन प्रकारच्या वायरी ओढून बघितल्या आणि चौथी घेतली.

खरं आश्चर्य रणजीतचं. हातमोज्यांचं नाव काढलं की आजवर तो म्हणायचा, "आई, आता कशाला ही कटकट? आराम कर." तो त्या रविवारी पेन्सिल घेऊन वर आला. उकिडवा बसून भिंतीवर खुणा करत निघाला, दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर. जयमाला दारात उभी राहून बघत होती. तिला भरून आलं होतं, पण ते दाखवायची तिला सवय नव्हती.

"इतक्या खाली कशाला रे?" तिनं विचारलं.

"खालीच बरे पडतात ना? दोन फुटांवर."

"हा, मशीनची वायर आखूड असते. खालीच बरे."

तो काही बोलला नाही. पुढची खूण केली.

"आठ कशाला पण? माझ्या मशिनी चार."

"असू दे गं. नंतर भिंत फोडण्यापेक्षा आत्ताच काढलेले बरे."

"व्हय, बायकांना टेबलफॅन लागंल. दिवा लागंल बारीक कामाला." तीच कारणं शोधत होती, तीच पटवून घेत होती. "इस्त्रीचा कोपऱ्यात घे, खिडकीजवळ."

"ते ज्योतीमामाला सांगतो मी. तू शेवटच्या महिन्यात रजा टाकू नकोस, आम्ही बघतो."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये तिनं शालनबाईला सांगितलं, "पोरगं स्वतः खुणा करून गेलं गं. अक्कल यायला वेळ लागतो, पण येते." शालनबाईचा मुलगा तिच्याशी धड बोलत नसे. तिनं नुसती मान हलवली. जयमालाच्या बोलण्यात थोडा तोरा होता, तो तिला ऐकू गेला असणार.

मार्च संपता संपता काम बहुतेक झालं. जयमाला त्याची दुपारची भाकरी झाकून ठेवून शिफ्टला जायची; परत यायची तेव्हा ज्योतीराम धुळीनं माखलेला असायचा. हात-पाय न धुता ती वर जायची आणि बोर्डातून बाहेर आलेली प्रत्येक वायर धरून ओढायची. ज्योतीराम हसायचा, "ओढ, ओढ अक्का. एक जरी निघाली तर मजुरी देऊ नको." एकही निघाली नाही. काम खरंच सुरेख होतं. झिऱ्या सरळ, बोर्ड ओळंब्यात, कोपरे गिलाव्यानं साफ. प्रत्येक बोर्डाच्या डोक्यावर त्यानं प्लास्टिकची एक छोटी खोबण बसवली होती.

"हे कशाला?"

"असंच. ठेवायला."

"कात्री, बॉबीन ठेवायला बरं पडंल," ती म्हणाली.

"पडंल की," तो म्हणाला आणि शिडी उचलून दुसऱ्या भिंतीकडं गेला.

वायरीची जाडी, गिलाव्याचा थर, बोर्डाचा स्क्रू, सगळं तिनं तपासलं. पॉइंट तिथंच का आणि आठच का, हे मात्र विचारलं नाही. फळीवर उभं राहणाऱ्या बाईला ते विचारायची सवयच नसते. वाट दुसऱ्या कुणीतरी आखलेली असते. तिनं फक्त जोड पक्का आहे की नाही ते बघायचं. बावीस वर्षं तिनं तेच केलं होतं आणि त्याबद्दल शाबासकी घेतली होती. घरातही तेच केलं.

एकच गोष्ट अडली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, आता पूर्ण दिवस घरी असताना, ती खिडकीजवळच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. तिथं काहीच नव्हतं. कोरी भिंत.

"ज्योत्या, इस्त्रीचा पॉइंट?"

तो मेन स्विचच्या डब्याशी काहीतरी करत होता. वळला नाही. "तो नंतर बघू, अक्का."

"नंतर कधी? जाड वायर मी आणून दिलीय. ती कुठंय?"

"दुकानात हाय. खाली मीटरपासनं ओढावी लागंल ती. रणजीत म्हणला, सध्या ऱ्हाऊ दे."

"रणजीतला इस्त्रीतलं काय कळतं?"

"तू बोल त्याच्याशी," ज्योतीराम म्हणाला, "तुमचं तुम्ही."

हे "तुमचं तुम्ही" तिला खटकलं. या घरात ज्योतीराम असं कधी बोलला नव्हता. पण तेवढ्यात शालनबाईचा नवरा टेम्पोतून मशीन घेऊन आला आणि ती जिन्यावर धावली.

मशीन वर चढवून दोन दिवस झाले नाहीत तोच अण्णासाहेब नावाचे एक गृहस्थ आले. सकाळी अकराची वेळ. पांढरा शर्ट, कानात काडी, खिशात मापाची टेप. मूळचे चऱ्होलीचे, बोलण्यात जुन्या गावाचा हेल. बरोबर कुणी नव्हतं. दारातूनच म्हणाले, "मावशी, वरची खोली बघायची हाय. रणजीतरावांनी सांगितलं आसंल."

जयमालाला वाटलं, मशिनींसाठी टेबलं करणारा सुतार असेल. तिनं त्यांना वर नेलं. ज्योतीराम त्या वेळी वरच होता, शेवटच्या बोर्डाचं झाकण लावत. अण्णासाहेबांना बघून त्यानं मान खाली घातली, आणि त्या दोघांची ओळख आहे हे जयमालाला त्यावरूनच कळलं.

अण्णासाहेबांनी टेप ताणली, भिंत मोजली, दुसरी भिंत मोजली. "आठच? जरा दाटीनं लावल्या तर धा बसत्यात की ओ."

"मशिनी चारच हायत," जयमाला म्हणाली.

"कसल्या मशिनी?"

"शिलाईच्या."

अण्णासाहेब तिच्याकडं बघून हसले. थट्टेनं नव्हे, चांगल्या मनानंच. "मावशी, मी कॉटचं म्हनतोय. कामगारांच्या खोल्या चालवतो मी. आमची पोरं राहनार ना हितं. चाकणच्या कंपनीतली, दोन पाळ्यांची. एक उठला की दुसरा झोपतो, म्हंजे आठ कॉटवर सोळा जनं. आधी एका बोर्डावरनं मारामाऱ्या व्हायच्या चार्जिंगवरनं. एकाचं डोकं फुटलं. तवापासनं आमचा नियम हाय, कॉटला एक पॉइंट आन् वर मोबाइल ठेवायला खोबण." त्यांनी एका खोबणीत बोट फिरवून बघितलं. "चांगलं केलंय. खाली आमचा मेसवाला राहील. तुमी कधी निघताय? रणजीतराव म्हनाले, एक तारखेच्या आत रिकामं होतंय."

"कुठं निघतेय मी?"

"पिंपळे सौदागरला. मुलाकडं." मग त्यांचाही आवाज जरा उतरला. "डिपॉझिट देऊन म्हैना झाला, मावशी."

जयमाला मशीनकडं वळली. शालनबाईच्या मशीनवर जुन्या साडीचं आवरण होतं, ते तिनं सरळ केलं. अण्णासाहेब शहाणे होते. त्यांनी टेप गुंडाळली, "मी रणजीतरावांशीच बोलतो," म्हणाले आणि चपला पायात सरकवत जिना उतरले.

वर दोघंच राहिली. ज्योतीरामच्या हातात झाकण होतं आणि एक स्क्रू.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. तिनं विचारलं नव्हतं.

"अक्का, मला वाटलं तुमचं बोलणं झालं असंल."

"खोटं बोलू नको. मी कात्री-बॉबीन म्हणले तेव्हा तू काय म्हणलास? 'पडंल की' म्हणलास."

"घरातला मामला. मायलेकरांच्या मधी मी कशाला पडू?"

"मधी पडू नको. पण माझ्या ताटात जेवत होतास ना रोज दुपारी? तेव्हा तरी सांगायचंस."

ज्योतीरामनं स्क्रू बोर्डावर ठेवला, तो घरंगळून खाली पडला, तो शोधायला वाकला. वाकलेलाच म्हणाला, "अण्णासाहेबांकडं अजून बारा खोल्या हायत. म्हाळुंग्याला, कुरुळीला. समद्यांचं वायरिंग मला देणार हायत. रणजीतनंच गाठ घालून दिली. माझं पण घर हाय, अक्का. पोरीचं लग्न काढलंय."

बारा खोल्या. म्हणजे तिची खोली नमुन्याची होती. बहिणीच्या दरात बहिणीच्याच घरावर त्यानं हात बसवून घेतला होता, आणि भिशीच्या पैशातून माल तिनं भरला होता.

"उतर खाली," ती म्हणाली.

फोन तिनं आधी रणजीतला लावला नाही, पूनमला लावला. पूनमला सहावा महिना होता आणि तिच्या पोटात काही राहत नसे. ती उचलताक्षणी बोलायला लागली.

"आई, मी तुम्हालाच करणार होते. हॉलमध्ये तुमच्यासाठी दिवाण आलाय, ड्रॉवरवाला. तुमच्या साड्या त्यात बसतील. आणि दिवाणामागे एक पॉइंट काढून घेतलाय, म्हणजे उठायला नको, झोपल्या झोपल्या मोबाइल चार्जिंगला लावता येईल."

"कुणी काढला?"

"ज्योतीमामांनीच. मागच्या आठवड्यात आले होते. का, आई?"

"मी येणार हे तुला कुणी सांगितलं?"

पूनम थांबली. "ह्यांनी. तुम्हीच म्हणालात ना, की बाळ झाल्यावर इकडेच राहते, काळेवाडीचं घर भाड्यानं देऊ?" आणि मग, अगदी हळू, "म्हणाला नाहीत का?"

"औषधं घे वेळेवर," जयमाला म्हणाली आणि फोन ठेवला. सुनेचा यात दोष नव्हता, हे तिला स्पष्ट दिसत होतं. दिवाण, ड्रॉवर, उशाशी एक पॉइंट. कारखान्यातल्या पोरांना जे मिळणार होतं, तेच तिलाही मिळणार होतं. फक्त दिवसपाळी-रात्रपाळी नव्हती.

रणजीत संध्याकाळी आला. हातात हापूसची पेटी. त्यानं ती ओट्यावर ठेवली आणि चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागला, म्हणजे अण्णासाहेबांचा फोन झालेला होता.

"आई, तू आधी शांतपणे ऐकून घे."

"मी शांतच आहे. आंबे खाली ठेव, ओटा पुसलाय."

"तू एकटी राहतेस इथे. काही झालं तर? पूनमची डिलिव्हरी आहे, घरात कुणीतरी लागणार. आणि ईएमआय तुला माहितीये? मी कुणासाठी करतोय हे सगळं?"

"हे सगळं मला दोन महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"मग मला न सांगण्याचं कारण तुझं तुलाच माहीत होतं."

रणजीत स्टुलावर बसला. "मी तुझ्याशी खोटं बोललो नाही. तू म्हणालीस मशीन, मी हो म्हटलं नव्हतं. तू आठव."

जयमालानं आठवलं. खरंच, तो हो म्हणाला नव्हता. पेन्सिल घेऊन उकिडवा बसला होता, आणि मशिनींबद्दल गप्प राहिला होता. त्या गप्प राहण्यालाच ती माया समजली होती. बसमध्ये शालनबाईला ऐकवली होती.

"पैसे माझे का घेतलेस मग? वायरीचे, बोर्डाचे?"

"घरावरच लागले ना ते? वाया कुठे गेले? आई, घर शेवटी माझंच होणार आहे."

हे वाक्य तोंडातून निघाल्यावर त्याला स्वतःलाही ते बरं वाटलं नसावं. तो आंब्याच्या पेटीची सुतळी सोडायला लागला.

"होईल तेव्हा होईल," जयमाला म्हणाली. "आज माझं आहे. पूनमची डिलिव्हरी झाली की मी येईन, दोन महिने राहीन, बाळंतपण करीन. ते माझं काम आहे आणि मी ते कुणी न सांगता केलं असतं. पण कॉट या घरात एक येणार नाही."

"डिपॉझिट हप्त्यात गेलंय. परत कुठून देऊ?"

"ते ज्यानं घेतलं त्यानं बघायचं."

"तू मला तोंडावर पाडतेयस."

"अण्णासाहेब माझ्याच तोंडावर सांगून गेले, की मी एक तारखेच्या आत निघतेय. तेव्हा तू कुठं होतास?"

तो उठला. दारापाशी थांबला, काहीतरी मोठं बोलायच्या तयारीत, पण शेजारची बाई गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती. मोटरसायकल सुरू करून निघून गेला. पेटी अर्धवट सुटलेली तशीच राहिली. जयमालानं त्यातला एकही आंबा खाल्ला नाही. पेटी तशीच शालनबाईकडं पाठवून दिली.

रात्रभर तिला राग रणजीतचा यायला हवा होता. पण पोटचं पोर काय करतं आणि का करतं, हे निदान तिला कळत होतं. हप्ता, फ्लॅट, येणारं मूल, त्याचा उतावळेपणा. अडकत होती ती ज्योतीरामपाशी. त्यानं रोज दुपारी तिच्या हातची भाकरी मोडली, "मीठ जरा कमी हाय" असं म्हणाला, आणि वर जाऊन तिची जागा मोजून कॉटचे पॉइंट बसवले. पुन्हा "ओढ, ओढ अक्का" म्हणाला. ओढायला दिलं ते सगळं पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीराम शिडी आणि कटर न्यायला आला. जयमाला दारातच उभी होती. तिनं चहाला आधण ठेवलं होतं, दोन कपांचं. पैसे पदराला बांधलेले होते.

"वायरमन, या आत," ती म्हणाली.

तो उंबऱ्यावर थबकला. "अक्का."

"तुमच्या मजुरीचं बघू. आठ पॉइंट, चारशेनं."

"अडीचशे ठरले होते."

"ते बहिणीला ठरले होते. बाहेर जो दर लावता तो लावा. जाड वायर तुमच्या दुकानात आहे ती कुणाबरोबर तरी पाठवून द्या. इस्त्रीच्या पॉइंटला मी काळेवाडी फाट्यावरचा माणूस सांगितलाय."

"असं नको करू. माझं चुकलं म्हण, दोन शिव्या दे."

"शिव्या कशाला? काम चोख झालंय. परक्यानं इतकं चोख केलं असतं तर मी त्याला चहा दिला असता." तिनं पदराची गाठ सोडली आणि नोटा पुढं धरल्या.

तिच्या मनात एक गोष्ट होती आणि ती तिनं स्वतःलाही धड सांगितली नव्हती. त्यानं हात मागं घेतला असता, "तुझे पैसे नकोत" म्हणाला असता, निदान अडीचशेच्या हिशेबानं घेऊन वरचे परत केले असते, तर ती त्याला ज्योत्या म्हणाली असती. मग भांडली असती, चांगली तासभर, आणि चहा ओतला असता.

ज्योतीरामनं नोटांकडं बघितलं. तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. हात पँटला पुसले, पैसे घेतले, शर्टाच्या खिशात घातले आणि खिशाचं बटण लावलं.

"येतो अक्का," तो म्हणाला.

शिडी खांद्यावर घेताना तिचं टोक चौकटीला लागलं आणि रंगाचा टवका उडाला. एरवी त्यानं तो बोटानं चाचपला असता, "उद्या लावून देतो" म्हणाला असता. आज तो तसाच निघाला. गल्लीच्या तोंडाशी त्याचा टेम्पो उभा होता, त्यात आणखी वायरींची भेंडोळी होती. कुरुळीकडं निघाला असेल.

जयमालानं गॅस बंद केला. आधण मोरीत ओतलं. मग वर गेली. शालनबाईच्या मशीनवरची साडी काढली, मशीन ओढत भिंतीशी नेली आणि पहिल्या पॉइंटला प्लग लावला. बटण दाबलं. मोटर घुमली. बंद केली.

हात आपोआप वायरीकडं गेला. तिनं ती बोटाला गुंडाळली आणि बोर्डापासून हिसका दिला, मग पुन्हा दिला, जरा जास्तच जोरानं. प्लग हलला नाही, बोर्ड हलला नाही, गिलाव्याचा एक कण खाली पडला नाही. त्यानं काम चांगलं केलं होतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.